गणिताची बदली

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "शाळेतून आल्या आल्या मला जे ऐकवतेस ना, ते आधी यात लिहून काढ. उरलंसुरलं ऐकायला मी आहेच." दिवसभर लोकांचे दात कोरणाऱ्या माणसाला संध्याकाळी बायकोचं पाच मिनिटं ऐकवत नाही! पण कागद चांगला जाड आहे, म्हणून ठेवून घेतली.

तर ऐक बाई वही. जिल्हा शिक्षण कार्यालयाला अचानक शोध लागला आहे की शाळांमधल्या शिक्षकांचं मनोबल खचलं आहे. कशानं खचलं ते विचारायला कुणी आलं नाही, उपाय मात्र आला. आता सगळ्या शाळांमध्ये ‘मनोबल आणि संवाद’ उपक्रम. आमच्या स्टाफरूमच्या दाराला हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लावलं आहे. त्यातल्या एकाही चेहऱ्यानं सातवी ब ला शिकवलेलं दिसत नाही. स्टाफरूमची खिडकी बसत नाही म्हणून मी कधीपासून कंठशोष करते आहे, तिला सुतार मिळत नाही. पोस्टर चिकटवायला तिघंजण आले.

आज गैरहजर बरेच. प्रॉक्सी लावणं हे पर्यवेक्षिका म्हणून माझं रोजचं पहिलं काम. जो आला नाही त्याचा तास, ज्याला तेव्हा मोकळा तास आहे त्याच्या गळ्यात. पहिल्या घंटेआधी मी स्टाफरूममधल्या फळ्यावर नावं लिहिते. नावं म्हणजे विषय. आमच्याकडे सगळे एकमेकांना विषयानंच हाक मारतात, इतिहास, भूगोल, विज्ञान. मी भाषा शिकवते, पण मला कुणी ‘भाषा’ म्हणत नाही, ‘मॅडम’ म्हणतात. मान आहे, दुसरं काय.

भूगोलाचा घसा धरला आहे. त्याचा तास इतिहासाला द्यावा तर तो असं तोंड करतो की जणू मी त्याची किडनी मागितली. विज्ञानाची बाई लगेच प्रयोगशाळेत काहीतरी उकळायला ठेवते. शेवटी नेहमीसारखा गणिताला दिला. गणित म्हणजे माझी गणित. नोकरीला लागली तेव्हापासून माझ्या पंखाखाली आहे, मला ताई म्हणते. कधी कुरकुर नाही, कधी वाकडं तोंड नाही. हक्काचं माणूस असावं तर असं. आज एवढंच म्हणाली, "ताई, मग मला सलग सगळेच तास होतील, डबा—" मी म्हटलं, "अगं, तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?" खडू उचलून गेली बिचारी.

एक गंमत. दुपारी मी स्टाफरूममध्ये शिरत होते तर आतून आवाज आला, "भोंगा आला!" आणि सगळे चिडीचूप. मागे वळून पाहते तर माझ्या मागोमाग कार्यालयाची नवी संवाद अधिकारी येत होती. म्हणजे पहिल्याच दिवशी बाईला नाव पडलंसुद्धा! आमचे लोक तल्लख आहेत. फक्त ती इतकी हळू बोलते की कान टवकारावे लागतात. तिला भोंगा कशाला म्हणायचं? उपरोध असणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

गणिताची बदली झाली. मला कुणी सांगितलं, तर ऑफिसातल्या कारकुनानं, तेही मी स्टेपलरच्या पिना मागायला गेले म्हणून. एक डिसेंबरपासून नदीपलीकडच्या शाळेत. दोन बस बदलाव्या लागतात तिथं जायला. शैक्षणिक वर्षाच्या अधेमधे! मी विचारलं, कारण काय? तर म्हणे, "वरून आलंय, मॅडम." वरून म्हणजे कुठून? आमच्या ऑफिसच्या वर पाण्याची टाकी आहे.

तडक मुख्याध्यापकांकडे गेले. ते पेपरवेट फिरवत बसले होते. हा माणूस निम्मी नोकरी पेपरवेट फिरवण्यात घालवून निवृत्त होणार.

"जाऊ द्या ना, मॅडम," म्हणाले.

"जाऊ द्या? दहावीला धड गणित शिकवणारी एकुलती एक बाई जाऊ द्या?"

"तसं नाही, पण त्यांच्याशी तुमचं काही बोलणं... म्हणजे त्यांचं स्वतःचं..."

"तिच्याशी काय बोलायचंय? तिच्या मनातलं मला न सांगता कळतं."

मग त्यांनी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

गणित मला जिन्यात भेटली, हातात सातवी ब च्या वह्यांचा गठ्ठा. मी म्हटलं, "कळलं मला." ती पांढरीफटक पडली. "ताई, मी तुला सांगणारच होते. दोनदा आले होते गं, पण तू—"

"एक शब्द बोलू नकोस. बोललीस की रडशील, आणि पोरांसमोर रडायचं नाही. मी आहे ना!"

"ताई, ऐकून तर घे—"

घंटा झाली. तिला विज्ञानाची प्रॉक्सी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. डोळे भरून आले होते तिचे. या कार्यालयाला मी सोडणार नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अर्ध्या दिवसाची रजा टाकून कार्यालयात गेले. दारातच ‘संवाद कक्ष’ अशी कोरी करकरीत पाटी, आणि दाराला कुलूप. संवाद जेवायला गेला होता. बाकावर बसवून ठेवलं मला. समोर तेच हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर.

भोंगा आली एकदाची. आत बसवलं, पाणी दिलं, दार लावलं. आणि त्या बारीक आवाजात म्हणते, "मॅडम, बदलीबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही. ती त्या शिक्षिकेची खासगी बाब आहे."

"खासगी? भरल्या शाळेतून बाई उचलून नेता आणि खासगी?"

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"काय विचारायचं? तुला शिक्षा का झाली हे तिला विचारू? आधीच ती अर्धी झाली आहे."

"मॅडम, एकदा विचाराच. शांतपणे."

शांतपणे! मला शांतपणा शिकवणारी ही कोण? हिच्या वयाच्या मुलींना मी निबंध लिहायला शिकवलं आहे. मी तिला म्हटलं, तुमच्या कार्यालयात कुणाला ऐकायची सवयच नाही. समोरचा माणूस काय सांगतो आहे इकडे लक्षच नाही, आपलंच घोडं दामटायचं. शिक्षकांचं मनोबल खचतं ते यानंच. हे सगळं मी उभं राहून सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. बोलायला तोंडच नव्हतं तिला.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "अगं, पण तिनं जे विचारलं ते—" मी म्हटलं, तुम्हीसुद्धा तिच्याच बाजूचे! पुढचं जेवण मुकाट्यानं झालं.

सोमवार, १० नोव्हेंबर

लढा सुरू.

ह्यांची मोडकी काळी छत्री माळ्यावर पडली होती. तिच्या कापडाच्या फिती कापल्या, एकेका फितीला टाचणी. सकाळी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले आणि येईल त्याच्या दंडावर स्वतःच्या हातानं लावली. गणिताची बदली रद्द होईपर्यंत रोज लावायची.

एकानंही नाही म्हटलं नाही. याला म्हणतात एकी! इतिहास तेवढा रेंगाळला. "मॅडम, आपण तिला एकदा विचारलं तर..." मी म्हटलं, "इतिहास शिकवता ना तुम्ही? लढाया विचारून होतात का?"  त्याला आज पाचवीची प्रॉक्सी दिली, जरा अंगात हुशारी येऊ दे.

गणित आली तर फितीकडे बघतच राहिली. "ताई, हे काय? मी नाही लावणार."

"बरोबरच आहे. तुझ्यासाठीच आहे, तू कशी लावशील?"

"अगं, तसं नाही. हे थांबव तू. मला—"

"तू भिऊ नकोस. तुझं नाव कुठंही येणार नाही. सगळं माझ्या अंगावर."

ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. विज्ञानाची बाई तिच्याजवळ जाऊन बसली. इतकी वर्षं त्या दोघींचं धड बोलणं नव्हतं. माझ्या लढ्यानं माणसं जवळ येत आहेत, हे त्या कार्यालयाला म्हणावं बघा.

मी जाहीर केलं, "आता त्या भोंग्याचा आवाज बंद करूनच थांबायचं!" यावर सगळे इतके हसले की भूगोलाला ठसका लागला. किती दिवसांनी स्टाफरूम अशी खळखळून हसली. मलाही भरून आलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फिती लावायला काही जण विसरले. विसरणाऱ्यांना प्रॉक्सी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कार्यालयानं एक निनावी प्रश्नावली पाठवली आहे. मनोबल मोजणार म्हणे! ताप मोजतात तसं काखेत धरायचं असावं. मी आधी सगळ्या प्रती फाडूनच टाकणार होते, मग वाचल्या. चौथाच प्रश्न होता, ‘आपल्या वरिष्ठांशी तुम्हाला मोकळेपणानं बोलता येतं का?’

हातात कोलीत आलं! मधल्या सुट्टीत सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, "हे बघा, बाकीचं काही लिहा, पण चौथ्या प्रश्नाला घाबरायचं नाही. खरं काय ते लिहायचं. येत नाही म्हणजे येत नाही!"

मुख्याध्यापक पेपरवेट हातात घेऊनच आले होते, त्यांचासुद्धा पेपरवेट थांबला. "नक्की ना मॅडम? खरं लिहायचं?" विज्ञानाच्या बाईनं विचारलं.

"अगदी बेधडक. वरच्यांना एकदा कळलंच पाहिजे की ते समोरच्याला बोलू देत नाहीत."

मग जे काही लिहीत सुटले! एरवी शेरे लिहायला ज्यांची बोटं दुखतात ते पाठपोट लिहीत होते. भूगोलानं पुरवणी मागितली. कुणाच्या तोंडावर हसू, कुणाचं डोळे पुसणं. पाकिटं मी स्वतः बंद केली आणि स्वतः पोचवून आले. त्या भोंग्याच्या टेबलावर आपटली. म्हटलं, "वाचा. आणि लाज वाटली तर सांगा."

शनिवार, १५ नोव्हेंबर

संध्याकाळी गणित घरी आली. मीच दार उघडलं. म्हणाली, "ताई, आज मी बोलून जाणार आहे. तू फक्त ऐक." म्हटलं, बोल की. चहा टाकला. एवढ्यात मला आठवलं की प्रश्नावलीचा किस्सा तिला सांगायचा राहिला, ती त्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायला वर्गात होती. तो सांगितला. मग कार्यालयातला सांगितला. मग मुख्याध्यापकांच्या पेपरवेटचा. ती चहाचा कप हातात धरून बसली होती. प्यायलीच नाही.

ह्यांनी आतून येऊन सांगितलं, "तिला बोलू दे."

"मी कुठं अडवलंय? बोल गं."

ती बोलायला लागली, "मला नदीपलीकडच्या शाळेत—" आणि माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला त्या शाळेच्या नावानं, की मी त्या लोकांची जी उत्तरपूजा बांधली ती बांधलीच. शेवटी ती उठली. ह्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं. बराच वेळ उभे होते दोघं दिव्याखाली. ती बोलत होती, हे मान हलवत होते.

आत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"ते तिनंच तुला सांगायला हवं."

"मग सांगितलं का नाही? मी समोरच तर होते!"

ह्यांनी तिचा न प्यायलेला कप उचलला. मग म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसलेल्या पेशंटची तोंडं उघडी असतात, पण त्यांना बोलता येत नाही. घरी आलो की माझं तसं होतं."

लागलं मला. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हा माणूस असलं काहीतरी मनात धरून बसला आहे! आधी का नाही बोलला? दिवसभर मी दुसऱ्यांसाठी जिवाचं रान करायचं आणि घरी हे ऐकायचं. आज पाठ फिरवून झोपणार आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पेढे वाटावेत अशी बातमी. बुधवारी खुद्द शिक्षणाधिकारी शाळेत येत आहेत. ‘संवाद सभा’ घेणार आणि काळ्या फितींचा प्रश्न मिटवणार. टरकले! फितीला टरकले!

गणिताला सांगितलं तर म्हणाली, "ताई, मला त्यांना आधी भेटू दे." मी म्हटलं, "तू अजिबात मध्ये पडू नकोस, तुझा भोळेपणा ते वापरून घेतील."

बुधवार, १९ नोव्हेंबर

कशी लिहू?

सभा मोठ्या सभागृहात होती. सगळे फिती लावून बसले होते, मी पहिल्या रांगेत. शिक्षणाधिकारी सुरुवातीला संवादाचं महत्त्व यावर बोलले. बोलतच राहिले. मग म्हणाले, "आपल्या भावनांचा आदर करून मी गणिताच्या शिक्षिकेची बदली आजपासून रद्द करतो आहे. त्या कुठंही जाणार नाहीत." आणि टाळ्यांची वाट बघत थांबले.

मी उठून टाळ्या वाजवल्या. माझ्याच ऐकू आल्या मला. मागे वळून पाहिलं तर कुणाचे हात हलत नव्हते. संवाद अधिकारी व्यासपीठाच्या कडेला उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. साहेब म्हणाले, "बाई, या ना, दोन शब्द बोला. मनोगत."

गणित उठली. माईकपर्यंत गेली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "बदली मी मागितली होती."

साहेबांनी हातातला कागद उलटा करून पाहिला.

"मी मागितली होती, साहेब. मला तिकडे जायचं होतं. रद्द करताना तुम्ही मला विचारलं नाहीत. आमच्या ताईनंही विचारलं नाही. मी तिला सांगायला पाच वेळा गेले. तुम्हाला भेटायला परवा आले होते, तुमच्या शिपायानं संवाद सभेत या म्हणून सांगितलं. म्हणून इथं सांगते."

आणि माईक जागेवर ठेवून, खाली उतरून, सभागृहाबाहेर निघून गेली. कुणाला धक्का बसलेला दिसत नव्हता. इतिहासाला नाही, विज्ञानाला नाही, मुख्याध्यापकांना नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं! माझ्या हातून फिती लावून घेत होते, दंड पुढे करत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं!

गुरुवार, २० नोव्हेंबर

माझ्या रागाला आज जागा पुरत नाही. तिचा राग येतो आहे, त्यांचा येतो आहे, ह्यांचाही येतो आहे. एकालाही वाटलं नाही, हिला सांगावं? मी काय वाघ आहे का?

प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर गाठलं तिला. डबा खात होती. विज्ञानाच्या बाईनं तिची प्रॉक्सी न मागता घेतली होती. मी म्हटलं, "माझी शोभा केलीस चारचौघांत. काय कमी केलं मी तुला? सख्ख्या बहिणीसारखं वागवलं."

"वागवलंस, ताई."

"मग? दोन बस बदलून जायचं होतं तुला? का?"

आणि मी थांबले. मला लिहायला हवं की मी थांबले ते दमले होते म्हणून. श्वास घ्यायला. तेवढ्यात ती बोलली.

"तुझी हक्काची आहे म्हणून सगळ्यांचे तास मला. मी डबा खाते तो उभ्यानं, वर्गाच्या दारात. ते एक वेळ चाललं असतं गं. पण मी तुझी आहे ना, म्हणून स्टाफरूममध्ये माझ्यासमोर कुणी बोलत नाही. तू आलीस की गप्प होतात, आणि मी आले तरी गप्प होतात. त्यांना वाटतं, मी तुला जाऊन सांगते. मी काय सांगणार? मला माझं सांगता येत नाही तुला. नदीपलीकडे मला कुणी ओळखत नाही. मला तिथं जाऊन नुसतं सगळ्यांत बसायचं होतं, डबा उघडून. फिती निघाल्या तेव्हा त्या लोकांनी मला पहिल्यांदा विचारलं, खरं काय आहे म्हणून. तेव्हा सगळं सांगितलं मी त्यांना. त्यांना म्हटलं, तुम्ही ताईला सांगा, तर सगळे म्हणाले, तू सांग. कुणाची छाती झाली नाही."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "हे सगळं त्या भोंग्यानं तुझ्या डोक्यात भरवलं असणार."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "ताई," ती म्हणाली, "भोंगा ती नाही."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

फळ्यावर प्रॉक्सी लिहिली. भूगोलाच्या तासापुढे लिहायला हात वर केला आणि सवयीनं ‘गणित’ लिहिलं. पुसलं. तिथं कुणाला लिहावं ते सुचेना. जागा रिकामी ठेवून निघून आले. कोण गेलं वर्गावर, माहीत नाही. कुणीतरी गेलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पुन्हा कार्यालय. या वेळी संवाद कक्ष उघडा होता. म्हटलं, गणिताची बदली पुन्हा करा, आत्ताच्या आत्ता.

"नाही होणार," अधिकारी म्हणाली. "तिथली गणिताची जागा साहेबांनी सभेच्याच दिवशी दुसऱ्यांना दिली. पुढच्या वर्षीपर्यंत काही नाही."

मी टेबलावर हात आपटला. त्या हात आपटण्यानं मला काही मिळालं नाही, पेला कलंडला तेवढा. तिनं पाणी पुसलं. मग विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळेच्या प्रश्नावल्या वाचू का तुमच्यासमोर?"

"नको," मी म्हटलं. मीच तर आपटल्या होत्या याच टेबलावर. काय असणार ते आता मला दिसत होतं.

तिनं पाकिटं बाजूला सरकवली.  बाहेर कुणीतरी कपाट ओढत होतं. मग मी विचारलं, "त्या शाळेत पर्यवेक्षकाची जागा आहे का?"

"आहे. दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून कुणी जात नाही."

"मला द्या."

तिनं पेन खाली ठेवलं. "घरी विचारलंत?"

उत्तर तोंडावर आलं होतं, त्यात काय विचारायचं! ते गिळलं. ह्यांना फोन लावला तिच्यासमोरच. विचारलं, "मी नदीपलीकडच्या शाळेत जाऊ का?" पलीकडून काही येईना. मला वाटलं, फोन कट झाला. अहो, अहो, म्हणणार होते. म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "तू मला विचारते आहेस?"

हे कुणी त्यागबिग समजू नये. मी कुणावर उपकार केलेले नाहीत. जिथं माझ्या पाठीमागे मला नाव ठेवलं आहे आणि ते मीच दुसरीला चिकटवत फिरले, तिथं मला तोंड दाखवायचं नाही, एवढंच. चीड आली म्हणून जाते आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. माझ्या बदलीची नोटीस मंगळवारीच फळ्यावर लागली होती. मंगळवार गेला, बुधवार, गुरुवार गेला. रोज सकाळी दारातून प्रत्येकाच्या दंडाकडे माझं लक्ष जायचं. खोटं कशाला बोलू, जायचं. सभेनंतर सगळ्यांनी काढून ठेवलेल्या फिती माझ्याच कपाटात होत्या, किल्ली कपाटाला तशीच. कुणी मागायला आलं नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शाळेचं फार नुकसान होतंय." आणि पेपरवेट फिरवला.

दुपारी निरोपाला स्टाफरूममध्ये बोलावलं होतं. मी जरा लवकरच गेले. दारापाशी पोचले तर आत कुणीतरी काहीतरी सांगत होतं, सातवी ब च्या कुठल्याशा पोरानं त्रिकोणाला चौथा कोन कसा काढून दाखवला ते. मध्येच कुणी हसत होतं, कुणी डबा पुढे सरकवत होतं, आणि सांगणारी थांबत नव्हती. एकदा पोराचा आवाज, एकदा स्वतःचा, हुबेहूब नक्कल. चांगला खणखणीत, मोठा आवाज. ही गणित आहे हे ओळखायलाच मला दोन वाक्यं लागली.

इतकी वर्षं माझ्याजवळ होती. तिला गोष्ट सांगता येते, हे मला माहीत नव्हतं.

आत जायचं म्हणजे ती थांबणार. मी पोस्टरला पाठ लावून उभी राहिले, आणि तिचं संपेपर्यंत ऐकलं.